नसलेल्या पुलाकडे

२ एप्रिल
पहिला मुक्काम, गाडीतच

प्रिय मास्तर,

पोहोचले. एकशे ऐंशी किलोमीटर आणि एकही ओरखडा नाही, ना गाडीला, ना मला. घे, पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. आता श्वास सोड, आणि वहिनीला चहा टाकायला सांगू नकोस, स्वतः टाक.

फोन बंद करून बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय. तू रागावशील, रागाव. फोनवर तू ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर होतोस. 'ताई, गिअर कुठला? ताई, आरसा बघितलास?' पत्रात निदान माझा धाकटा भाऊ असतोस. तेव्हा पत्रच लिही. दोन्ही मैत्रिणींचे पत्ते तुझ्या फ्रिजवर चिकटवून आलेय.

गाडी गुणी आहे रे. मागे पलंग, मध्ये घडीचं टेबल, दोन शेगड्या, पाण्याची टाकी. फक्त डावं वळण आलं की वरचं कपाट उघडतं आणि पातेलं माझ्या पाठीशी लागतं. तीनदा लागलं. चौथ्यांदा मी त्याला पलंगावर झोपवलं आणि पांघरूण घातलं.

आणि हो, रिव्हर्स. अजून येत नाही, येणारही नाही. सहासष्टाव्या वर्षी बाईने आणखी किती शिकायचं? तू आठ महिने माझ्यामागे डोकं फोडलंस, शेवटी हात टेकलेस. लायसन्स मिळालं तेही तिसऱ्या खेपेला, ऐन वेळी परीक्षकाला शिंक आली म्हणून. पण मी चौतीस वर्षं नकाशे काढलेत, मास्तर. अख्खा प्रवास असा आखलाय की गाडी मागे घ्यावीच लागणार नाही. प्रत्येक मुक्कामाला आत शिरायची वाट वेगळी, बाहेर पडायची वेगळी. इथे अशा घर-गाड्यांचा तळ आहे, त्याच्या मॅनेजरने सांगितलं, चौदा नंबरच्या जागेत गाडी मागून लावा. मी म्हटलं, मला शेवटचं गवतच आवडतं. तो म्हणाला, तिथे वीज नाही. मी म्हटलं, मला अंधारही आवडतो.

परवा शाईच्या घरी. ड्रॉइंग हॉलमध्ये आम्ही चौघी एका लांब टेबलाला बसायचो, टोपणनावांनीच हाका मारायचो. शाईच्या बोटांवर कायम डाग. फुटपट्टी सहा फूट उंच आणि तितकीच ताठ. मी कंपास, एकदा पाय रोवला की हलायची नाही म्हणून. तेव्हा वाद घालू नकोस.

तुझी ताई


५ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं, जीव भांड्यात पडला. चहा मीच टाकला. तुझी वहिनी म्हणते, तुझ्या ताईने रोज पत्र लिहावं.

आता मुद्द्याचं. पातेलं पलंगावर ठेवू नकोस, ब्रेक मारलास की ते तुझ्या डोक्यात येईल. खालच्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेव. टायरमधली हवा दर तिसऱ्या दिवशी बघ. आणि 'रिव्हर्स लागणार नाही' हे वाक्य मी गेल्या अठ्ठावीस वर्षांत किमान दोनशे विद्यार्थ्यांकडून ऐकलंय. प्रत्येकाला लागला.

पण मला झोप लागत नाहीये ती वेगळ्याच गोष्टीने. तू लिहितेस चौघी. तू, शाई, फुटपट्टी, या झाल्या तीन. फ्रिजवर पत्ते दोन. चौथी कोण आणि कुठे? बारा दिवसांचा प्रवास म्हणालीस आणि सामान महिन्याचं नेलंस. काल तुझ्या झाडांना पाणी घालायला गेलो तर टेबलावर हॉस्पिटलचं पाकीट, वरती 'तपासणी' असा शिक्का. मी उघडलं नाही. जाताना तू मला घराच्या किल्ल्या दिल्यास, कुठला कागद कुठल्या फाइलीत आहे ते दाखवलंस, आणि दारात मला मिठी मारलीस. ताई, तू मिठी मारत नाहीस. तू पाठीत धपाटा घालतेस.

सरळ विचारतो. तुला काही झालंय का? सगळ्यांचा निरोप घ्यायला निघालीस का? असं असेल तर आत्ता सांग. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, मला हे शेवटी कळता कामा नये.

तुझा भाऊ


९ एप्रिल
शाईच्या घरून

अरे वेड्या,

ते डोळ्यांचं पाकीट! गाडी चालवण्याआधी डोळे तपासून घ्यावेत असं मलाही वाटतं हो, मी काय अगदीच बेजबाबदार आहे का? डॉक्टर म्हणाले, नजर चाळिशीतल्या बाईसारखी आहे. उघडून बघ आणि फ्रिजवर लाव. मी ठणठणीत आहे. तुझं पत्र वाचून आधी मोठ्याने हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. शाईला वाटलं, साबण डोळ्यात गेला.

शाई मजेत आहे. आता ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. घरभर रंग, खुर्चीवर बसायचं तर आधी ओला कागद उचलावा लागतो. गाडी बघून तिने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाली, कंपास, तू हे एकटीने चालवत आलीस? मला इतका आनंद झाला की मी वायपर चालू करून दाखवले.

आता चौथी. तू विचारलंस ते बरंच केलंस. तोंडाने मला सांगता आलं नसतं.

चौथी टाचणी. बारीक, टोकदार, टेबलावरची सगळ्यात हुशार. एकतीस वर्षांपूर्वी तिची नोकरी गेली ती माझ्यामुळे.

समजावून सांगते. बांधलेला पूल नकाशावर अखंड रेघेने दाखवतात. नुसता ठरलेला, अजून न बांधलेला पूल तुटक रेघेने. मोजणीवाल्यांच्या कागदावर नदीवर एक तुटक रेघ होती. मी ती अखंड ओढली. कारण काही नाही रे, तिसरी शीट उपसत होते, हात चालत होता. शीट छापून गेली. मग एक बस, साठ माणसं, नकाशावर विसंबून त्या वाटेने गेली आणि पुढे पूलच नाही. ब्रेक वेळेवर लागला. कुणाला खरचटलंही नाही, पण चौकशी लागली.

आमच्याकडे एकीने काढायचं आणि दुसरीने मूळ कागदाशी ताडून खाली सही करायची. त्या शीटवर सही टाचणीची होती. मूळ कागद तेव्हा सापडेना. साहेबांनी मला विचारलं, कागदावर रेघ कशी होती? टाचणीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, आठवत नाही.

मला आठवत होतं, मास्तर. स्पष्ट आठवत होतं.

हॉलमध्ये बोललं गेलं की टाचणीनेच मला रेघ अखंड करायला लावली. मी ना हो म्हणाले, ना नाही. 'माझ्या हातून झालं' एवढं म्हटलं असतं तर दोघींना ताकीद मिळून मिटलं असतं. सही तिची म्हणून ती एकटी गेली. शाई तिला वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होती, सगळी न उघडता परत आली. नदीपलीकडच्या गावात फ्रेमचं दुकान आहे तिचं. मी तिच्याकडे निघालेय. तिला तोंडावर सांगायचंय की रेघ तुटक होती. तेवढ्यासाठीच गाडी घेतली. बाकी सगळं वाटेवरचं आहे.

काल जेवताना शाई म्हणाली, 'टाचणीचं चुकलंच, पण एवढी शिक्षा नको होती.' मी बटाटे वाढून घेतले.

तुझी ताई


१३ एप्रिल

ताई,

डोळ्यांचा कागद फ्रिजवर लावला. देवाची कृपा. तो भाग संपला.

आता दुसरा भाग. मी नववीत असताना शेजाऱ्यांची काच फोडली आणि नाही म्हणालो. तू माझा कान धरून त्यांच्या दारात मला उभं केलंस. 'बोल,' म्हणालीस. तासभर उभा होतो. तेव्हापासून मला खोटं बोलायचं झालं की कान दुखतो, छप्पन्न वर्षांचा झालो तरी. आणि तू? ज्या वर्षी ती बाई घरी बसली, त्याच वर्षी तू हॉलची मुख्य झालीस. मी गल्लीभर सांगत सुटलो होतो, माझी ताई मुख्य झाली. तू मला थांबवलं नाहीस.

रागावून दोन दिवस क्लासवर गेलो. एका विद्यार्थिनीला इतका ओरडलो की तिने गाडी थांबवून मलाच खाली उतरवलं.

आणि एवढं करून परवा शाईसमोर परत गप्प बसलीस? बटाटे वाढून घेतलेस? ताई, बटाटे?

तुझी वहिनी म्हणते, तिने निदान कागदावर लिहिलं, बाकीचे तेवढंही करत नाहीत. असेल. मला पचायला वेळ लागेल.

तरीही जा. मागे फिर असं मी म्हणणार नाही. फक्त हायवेने जा, नदीवरच्या मोठ्या पुलावरून. आणि लागलाच रिव्हर्स, तर हे कापून डॅशबोर्डवर चिकटव. एक, गाडीची शेपूट ज्या बाजूला न्यायची, स्टेअरिंग त्याच बाजूला. दोन, वेग मुंगीचा. तीन, गोंधळ झाला की थांब, पुढे घे, सरळ कर, पुन्हा सुरू. पुढे घेण्यात कमीपणा नाही. हे मी तुला ऐंशी वेळा सांगितलंय. आता वाच तरी.

तुझा भाऊ


१८ एप्रिल
फुटपट्टीच्या घरून

मास्तर,

तुझं पत्र वाचलं आणि एक दिवस काही लिहिलं नाही. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. माझ्याच हाताने वाढवलेला मुलगा असा बोलला याचं वाईट वाटलं आणि खरं सांगू, बरंही वाटलं.

फुटपट्टी आता वाकलीय, पण बोलणं तसंच ताठ. टाचणीकडे निघालेय म्हटल्यावर म्हणाली, 'जाऊ नकोस. तिने आपल्या सगळ्यांना तोंडघशी पाडलं आणि वर अबोला धरला. दार लावेल तोंडावर.' मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिची सून आली, नातवंडं आली, सूप आलं. निमित्त हवंच होतं मला. तिसऱ्यांदा गप्प बसले.

उद्या निघते. नवा पत्ता देते, टाचणीच्या दुकानाचा. पण हायवेने नाही जाणार. ज्या जागी मी ती रेघ ओढली ती नदीकाठची जागा मी आयुष्यात बघितलेली नाही. तिच्यासमोर उभं राहायच्या आधी ती बघायचीय. काळजी करू नकोस. चौकशीनंतर सुधारून काढलेल्या शीटवर तिथे नावेचा जुना धक्का आहे आणि पुढ्यात मोठं मोकळं पटांगण. गाडी आरामात गोल फिरेल. ते पटांगण फुटपट्टीने काढलंय, तिची रेघ चुकत नाही.

तुझी ताई


२२ एप्रिल
फ्रेमच्या दुकानाच्या पत्त्यावर

ताई,

फुटपट्टीकडून निघून तीन दिवस झाले, रस्ता दोन दिवसांचा. पोहोचल्याची खबर नाही, फोन बंद. एकतीस वर्षांपूर्वीच्या शीटवरचं पटांगण आज तिथे असेल असं कुणी सांगितलं तुला? नदीकाठाला जाऊन त्या नसलेल्या पुलासमोर उभी राहायची काय गरज होती? रेघ तुटक होती हे त्या बाईंना सांगायला एवढी आठशे किलोमीटर गेलीस, सरळ दुकानात जाऊन सांगितलं असतं तर चाललं नसतं का?

जे बोललो ते बोललो. रागावलो होतो. तू सुखरूप आहेस एवढं कळू दे, मग परत रागावेन.

भाऊ


२४ एप्रिल

मास्तर यांस,

तुमच्या ताईच्या नावाचं पत्र माझ्या दुकानात आलं. ती इथे आलेली नाही. दुसऱ्याचं पत्र मी उघडत नाही, हे उघडलं. पाकिटामागे ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्का होता, म्हणून मास्तर म्हणते; आडनाव ओळखलं.

ती का येतेय ते वाचलं. तिला दार उघडीन की नाही, मला माहीत नाही. पण दोन दिवसांचा रस्ता पाच दिवसांत संपत नसेल तर काहीतरी अडलंय. त्या धक्क्याचं पटांगण नदीने केव्हाच खाल्लं. उरलेल्या भागाला लोखंडी खांब लावून कुंपण घातलंय. काठाने आता एकच अरुंद वाट उरलीय, ती तिथे संपते. हे इथल्या लहान पोरांनाही माहीत आहे, पण ती शीट बघून चालणार. आम्ही सगळ्याच तशा होतो. रस्ता आणि नकाशा जुळले नाहीत की रस्त्यावर संशय घ्यायचा.

दुकान बंद करून नदीवर जातेय. माझ्या काठावरून दिसेल. पत्र वाटेत टाकते.

टाचणी


२७ एप्रिल

मास्तर! माझ्या मास्तर!

बस खाली. वहिनीला बोलाव. मोठ्याने वाच.

मी चार दिवस नदीवर अडकले होते. पटांगण नाही, समोर खांब, उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला दगडी भिंत, आणि मागे चारशे पावलं अशी वाट की गाडी आणि भिंत यांच्यात वीतभर जागा. फोन काढला, रेंज नाही. चालत जाऊन कुणाला बोलवायचं तर रिव्हर्स येत नाही हे कबूल करावं लागलं असतं. पहिल्या दिवशी रडले. दुसऱ्या दिवशी स्वतःला सांगितलं की मी इथे मुद्दाम मुक्काम केलाय. खुर्ची बाहेर काढली, अंडी उकडली, नदी बघितली. तिसऱ्या दिवशी तुझा कागद वाचून गाडी मागे घेतली आणि मागचा दिवा भिंतीवर फोडला. मग पुन्हा खुर्ची. त्या जागेवरून माझी रेघ कुठे गेली असती ते रोज बघत होते. या काठावर दोन दगडी खांबांचा पाया घातलाय आणि तसाच सोडलाय. साठ माणसं इथे येऊन थांबली होती. नुसतं कागदावर वाचणं वेगळं रे.

चौथ्या दिवशी दुपारी पलीकडच्या काठावर एक बाई येऊन उभी राहिली. पांढरे केस, निळा एप्रन, एक हात कमरेवर. एकतीस वर्षं गेली तरी उभं राहणं बदलत नाही माणसाचं.

मध्ये शंभर पावलं पाणी. मी ओरडले, तिला ऐकू जाईना. ती ओरडली, मला ऐकू येईना. तिने गाडीकडे बोट केलं, मग मागे. मी दोन्ही हात हलवले, जमत नाही. मग तिने काय केलं माहितेय? हात वर केला आणि पालथा केला.

तुला हे कळणार नाही. आमच्या मशीन हॉलमध्ये इतका आवाज असायचा की बोलणं ऐकू येत नसे, म्हणून आमच्या हातांच्या खुणा ठरलेल्या. छपाईच्या प्लेटवर सगळं आरशासारखं उलटं असतं. दुरुस्तीला प्लेट आली की हात पालथा करून सांगायचं, आता उलटं. मी नवीन असताना प्लेट वाचायला जायचे आणि डावं-उजवं गोंधळून रडकुंडीला यायचे. टाचणीनेच शिकवलं होतं, 'वाचू नकोस. सुलट करून बघायला जाऊ नकोस. जिथे दिसतंय तिथे हात लाव.'

आणि मास्तर, माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी आठ महिने तुझा आरसा वाचत बसले होते! आरशात भिंत दिसली की मनात ती सुलट करायची, मग डावं कुठलं ते ठरवायचं, तोवर गाडी भिंतीला. अरे, आरसा म्हणजे प्लेट! जे चौतीस वर्षं केलं, झोपेतही जमलं असतं, ते मला गाडीत सुचलं नाही. तुलाही दोष नाही, तू कुठे प्लेटवर काम केलंस?

बसले. रिव्हर्स टाकला. काच खाली. उजव्या खिडकीतून ती दिसत होती. मी मागे सरकायला लागले तशी ती पलीकडच्या काठाने माझ्या बरोबरीने चालायला लागली. हात आपल्याकडे ओढला, नदीकडे घे. ढकलला, भिंतीकडे. अंगठा बोटावर घासला, केसभर. मूठ, थांब. एकदा मी चुकले, थांबले, पुढे घेतलं, सरळ केलं, पुन्हा सुरू. तुझा तिसरा नियम. चारशे पावलं, पन्नास मिनिटं, वेग मुंगीचा. एकही ओरखडा नाही. हमरस्त्याला लागले तेव्हा मी हॉर्न वाजवत सुटले आणि ती पलीकडे दोन्ही हात वर करून उभी होती. मला रिव्हर्स येतो! फ्रिजवर लाव हे!

मग मोठ्या पुलावरून वळसा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात. ती काच पुसत होती. नदीवरचे ते वर केलेले हात कुठे गेले कोण जाणे, चेहरा बंद. 'चहा?' म्हणाली. मी म्हटलं, आधी बोलू दे. उभ्यानेच सांगितलं. रेघ तुटक होती, मला आठवत होतं, मी खोटं बोलले, लोक तुझं नाव घेत राहिले आणि मी घेऊ दिलं.

तिने काच खाली ठेवली. 'मला तेव्हाच कळलं होतं,' म्हणाली. 'तुला कधी काही आठवलं नाही असं झालंय का? आणि हेही ऐक. ती शीट मी ताडून बघितलीच नव्हती. खाली तुझं नाव बघितलं आणि सही ठोकली. तुझ्या शीटचं काय तपासायचं, म्हणून. नोकरी गेली त्यात माझाही वाटा आहे, तो मी कधी कुणावर ढकलला नाही. पण तू आली नाहीस. एकदाही नाही. शाईची पत्रं यायची, त्यात तुझी खबर असणार आणि तुझी एक ओळ नसणार, म्हणून मी ती उघडलीच नाहीत. रेघ चुकली त्याचं मला काही वाटत नाही ग. तू आली नाहीस.'

मी रडले. तिने रडू दिलं, टेबलाच्या पलीकडे उभी राहून. मग म्हणाली, 'मला सांगून उपयोग नाही. मला माहीतच होतं. त्या दोघींना सांग. मी समोर बसलेली असताना.'

परवा निघतोय. दोघी. या खेपेला बटाटे वाढून घेणार नाही, तुझ्या कानाची शपथ.

तुझी ताई


४ मे
फुटपट्टीच्या घरून

मास्तर यांस,

तुमची ताई आत बसलीय, फुटपट्टीच्या नातवंडांना गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवतेय. म्हणून हे पत्र मी लिहितेय. तिने लिहिलं असतं तर स्वतःचं कौतुक कमी केलं असतं. हे तुम्हाला नवीन असेल.

शाईला आम्ही इथे बोलावून घेतलं. काल दुपारी चौघी एका टेबलाला बसलो. जेवण वाढलेलं होतं. तुमची ताई उठून उभी राहिली. मला वाटलं होतं, ती फिरवून फिरवून सांगेल. तिने पाच वाक्यांत सांगितलं. रेघ तुटक होती. मी अखंड ओढली. मला आठवत होतं. मी आठवत नाही म्हणाले. टाचणीने मला काही करायला लावलं नव्हतं. आणि ती खाली बसली नाही, तशीच उभी राहिली, कुणी काही बोलेपर्यंत.

शाई रडायला लागली. फुटपट्टी मात्र उठली आणि बाहेर निघून गेली. दाराचा आवाज झाला. अर्धा तास गेला. जेवण गार झालं. तुमची ताई उभीच होती, मी बघत होते. मी तिला बस म्हणू शकले असते. नाही म्हटलं. तेवढं मला हवं होतं, खोटं कशाला बोलू?

फुटपट्टी परत आली ती सरळ माझ्याकडे. म्हणाली, 'एकतीस वर्षं मी तुला नावं ठेवली. माझ्या सुनांना, माझ्या मुलांना तुझी गोष्ट सांगितली, असं वागू नका म्हणून.' मग तिने वाकून मला मिठी मारली. एवढ्या उंच बाईने बसलेल्या माणसाला मिठी मारायची म्हणजे तिची पाठ किती दुखली असेल. मी अशी काही रडणारी बाई नाही. रडले. नंतर तिने तुमच्या ताईकडे वळून एवढंच म्हटलं, 'तुझ्यावर मी अजून वर्षभर रागावणार आहे. आता बस आणि जेव.' सगळ्या हसलो. गार जेवण जेवलो, तीनतीनदा वाढून घेऊन.

पुढचं ऐका. आम्ही दोघी समुद्रापर्यंत जातोय. दुकानाला कुलूप आहे, गिऱ्हाइकांना कळवलंय. शाई पुढच्या रविवारी येऊन मिळेल. फुटपट्टी रागावलेली आहे म्हणून ती फक्त शेवटचे चार दिवस येणार आहे. तुमची ताई घरी केव्हा पोहोचेल ते विचारू नका, आम्ही ठरवलेलं नाही.

काल झोपताना तिने विचारलं, माफ केलंस का? मी म्हटलं, झोप. पण तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिच्यावर रागावलात आणि तरी तिला जाऊ दिलंत. मला माफी नको होती, मास्तर. मला माझी मैत्रीण हवी होती. मी एकतीस वर्षं तिची वाट बघितली. उशिरा आली, पण आली. एकटी, स्वतः गाडी चालवत आली.

टाचणी